पाठमोरी खुर्ची

वाळुंज सर गेल्याचं मला कॉलेजच्या जुन्या मुलांच्या ग्रुपवर कळलं. मी पुण्यात ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये होतो. आधी हार घातलेला फोटो आला, मग खाली हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली. निवृत्तीनंतर ते आंबेगावच्या पश्चिमेला, डोंगरातल्या आपल्या गावी राहत. भाताची आवणी, म्हणजे लावणी, चालू असताना बांधावर बसले ते उठलेच नाहीत. मी ताट तसंच ठेवून बाहेर आलो आणि रस्त्यावर उभा राहून रडलो. वडील, आमचे अण्णा, गेले तेव्हाही मी इतका रडलो नव्हतो, हे खरं आहे.

सर आम्हाला भूगोल शिकवत. वर्गात छापील मराठी, वर्गाबाहेर अस्सल गावची. मी शेजारच्या तालुक्यातला म्हणून मला कायम ‘पावणं’ म्हणत. एके वर्षी वरून परिपत्रक आलं, कॉलेजात एक समानता कक्ष हवा, समलिंगी, पारलिंगी अशा सगळ्या विद्यार्थ्यांसाठी. ज्या मीटिंगमध्ये ते काम कोणाच्या तरी गळ्यात घालायचं होतं, त्या मीटिंगला सर नेमके गैरहजर होते. झालं. सायकल स्टँडशेजारची एक खोली आणि दारावर पाटी मिळाली. खोलीत वर्षभर चिटपाखरू फिरकलं नाही, कारण त्या दारातून आत जाणं म्हणजे अख्ख्या कॉलेजला आपणहून सांगणं होतं. मी रोज त्या पाटीखालून सायकल काढायचो आणि वर बघायचो नाही.

मग पुण्याहून मृणाल आली. ग्रामीण भागातल्या एलजीबीटी विद्यार्थ्यांवर तिचा प्रबंध होता आणि बोलायला तयार असलेली मुलं तिला या कक्षामार्फत हवी होती. सर त्या दिवशी तासावर होते. ऑफिसातल्या कोणीतरी, मदत करायची म्हणून, सरळ माईकवर पुकारलं : ‘जे विद्यार्थी एलजीबीटीमध्ये येत असतील, त्यांनी दुपारी समानता कक्षात हजर राहावे.’ त्या माईकवरून इंग्रजी अक्षरं ऐकू आली की ती शिष्यवृत्तीच असणार, हे आम्हा सगळ्यांना पाठ होतं. दुपारी खोलीबाहेर ही गर्दी... हातात उत्पन्नाचे दाखले, आधारच्या झेरॉक्स. पिंपरी पेंढारची तर पोरं घोळक्यानं आली होती. मीही त्यात होतो. मला मात्र त्या अक्षरांचा अर्थ ठाऊक होता. गर्दी होती म्हणूनच माझी हिंमत झाली.

सर आले, त्यांनी गर्दी बघितली. हसले नाहीत, कोणाला हाकललंही नाही. शिष्यवृत्ती नाही, एवढं सांगितलं, आणि स्टाफरूममधला कॅरम उचलून आणायला लावला. आलाच आहात तर खेळा म्हणाले. मृणालचा चेहरा पडला होता. सर तिला म्हणाले, “बाई, आज तुमाला कोण सापडायचं न्हाई. पण आता या खोलीत कोणबी आलं तरी चालंल.”

ती त्यांची पद्धत होऊन बसली. पाटी तीच ठेवली, पण खाली ‘व कॅरम’ असं खडूनं लिहिलं. दार सताड उघडं. मृणालनं महिनाभर कोणालाही काही विचारायचं नाही, फक्त खेळायचं. ज्याला बोलायचं असेल तो आपणहून तिच्याशी बोलेल. ती काय अभ्यास करते ते सरांनी पहिल्याच आठवड्यात सगळ्यांना एकदा सरळ सांगून टाकलं आणि पुन्हा विषय काढला नाही. स्वतः मात्र कॅरमकडे पाठ करून, भिंतीकडे तोंड करून खुर्ची टाकत आणि पेपर वाचत. कोण कोणाशी बोलतं ते मला दिसायला नको, असं त्यांनी मृणालला बजावलं होतं. आम्हाला वाटायचं, सरांना गोंगाट आवडत नाही. मृणालचा खेळ दिव्य होता. राणी घ्यायला जायची आणि स्ट्रायकर घालवून बसायची. अशाच एका डावात सोंगट्या लावता लावता मी तिला हळूच म्हणालो, मॅडम, मला बोलायचंय.

आम्ही मंचरच्या एसटी स्टँडवर बोललो. हायवेच्या ट्रकांचा एवढा आवाज की शेजारच्यालाही ऐकू जायचं नाही. जन्मात पहिल्यांदा मी ते वाक्य तोंडानं उच्चारलं, की मला मुलगे आवडतात. मग थांबताच येईना. घर, शेत, वडील, बहीण... सगळं सांगितलं. त्याच सुमारास ताईचं लग्न ठरलं होतं. पोरगा असा आहे हे बाहेर फुटलं असतं तर ती सोयरीक टिकली नसती. माझं काय व्हायचं ते होवो, पण ताईचं मोडायला नको, या धास्तीत मी ते वर्ष काढलं. पण काहीच फुटलं नाही. लग्न झालं, सर जेवायला आले होते.

त्यानंतर एक गोष्ट मला बरीच वर्षं खुपत राहिली. सर प्रत्येक जुन्या विद्यार्थ्याला भेटल्या भेटल्या विचारत, “लाडू कवा?” मला मात्र त्यांनी ते कधीच विचारलं नाही. आमच्याकडे हा प्रश्न कोणी विचारला नाही तर माणूस त्यांच्या खिजगणतीत नाही, असंच वाटतं. मला सुटल्यासारखं वाटायचं आणि थोडं वाईटही. मागच्या वर्षी निखिलला घेऊन त्यांच्या गावी गेलो, रूममेट म्हणून ओळख करून दिली. सरांनी त्याला न्याहाळलं, गाव विचारलं, आणि आत बघून पत्नीला म्हणाले, “दोघांची पानं शेजारी शेजारी मांड.” इंद्रायणीचा भात होता, वर तुपाची धार. निघताना निखिलच्या हातात तांदळाची पिशवी दिली, माझ्या नाही.

सरांच्या दहाव्याला नदीवर बरीच माणसं होती. श्रद्धांजलीची भाषणं झाली. वृक्षारोपण, श्रमदान, शिस्त, सगळं आलं. त्या खोलीबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. मृणाल मागं उभी होती. आता ती स्वतः प्राध्यापक आहे. पुढाऱ्यांच्या गाड्या निघून गेल्यावर तिनं मला बाजूला घेतलं आणि इतकी वर्षं जे सांगितलं नव्हतं ते सांगितलं. प्रबंधाचा मसुदा तिनं सरांना वाचायला पाठवला होता. दुसऱ्या दिवशी सकाळीच सरांचा फोन, एक पान काढून टाका म्हणून. ती म्हणाली, नावं बदलली आहेत, माझ्या मार्गदर्शकांनी तपासलंय. त्यावर सर म्हणाले, “नाव बदलून काय व्हतंय बाई? आमच्याकडं माणूस रानावरनं वळखत्यात. काळी द्राक्षं, बाप भजनात पखवाज वाजवतो, अन बहिणीची सोयरीक मंचरच्या आडत्याकडं. हे मार्केटात कुणालाबी वाचून दाखवा, चहा निवायच्या आत घर सांगंल. मलाबी कळलं. मला कळायला नको व्हतं.”

तेच प्रबंधातलं सगळ्यात जिवंत पान होतं, असं मृणालनं सांगून बघितलं. सर बधले नाहीत. पोराला सांगायचं असेल तेव्हा पोरगा सांगेल, आपण नाही, म्हणाले. मला कळलंय हेही त्याला कळू देऊ नका, नाहीतर तो खोलीत यायचा बंद होईल. म्हणून प्रबंधात मी ‘शेतकरी कुटुंबातील एक विद्यार्थी’ एवढाच उरलो. आणि लाडवांचा प्रश्न त्यांनी मला कधीच विचारला नाही, तो याचमुळे.

हा लेख लिहायचं ठरवलं तेव्हा आधी ताईला फोन केला. काय लिहिणार ते सगळं सांगितलं.  ती म्हणाली, “ल्ही. अण्णा न्हाईत आता. अन मला कोण इचाराय आलं तर मी हाये की इथं.”

तेव्हा मृणालच्या प्रबंधातून गाळलेलं इथं लिहितो. गाव निमगाव सावा. बाग काळ्या द्राक्षांची. वडील गावच्या भजनात पखवाज वाजवायचे. बहीण मंचरला, कांद्याच्या आडत्याकडे दिलेली. निखिल माझा रूममेट नाही.

परवा कॉलेजात जाऊन आलो. सायकल स्टँडवर आता मोटारसायकली असतात. खोलीचं दार सताड उघडं होतं, आत मुलामुलींचा कॅरम रंगात आला होता आणि हवेत पावडरचा वास होता. सरांची खुर्ची अजून भिंतीकडे तोंड करूनच ठेवलेली आहे. नव्या मॅडम म्हणाल्या, ती तशीच असते, का ते ठाऊक नाही. मी त्यांना सांगितलं, का ते.