डॉक्टरांच्या तोंडून

आचऱ्याच्या डॉक्टर केळुसकरांकडे मी पहिल्यांदा गेले, तेव्हा त्यांच्या तोंडून मला माझाच आवाज ऐकू आला. कसालच्या शाळेतून माझी नुकतीच बदली झाली होती आणि डोकं सारखं दुखत होतं. डॉक्टरांनी माझं सगळं ऐकून घेतलं, डोळे मिटले आणि बोलायला लागले, "सकाळी फळ्याकडे बघितलं की कपाळात ठोके पडतात. घरी सांगितलं नाही, उगाच काळजी करतील." शब्द माझे होते हे ठीक; पण आवाजही माझा होता. वाक्याच्या मध्येच आवंढा गिळायची माझी खोड, जी मला स्वतःला तोवर ठाऊक नव्हती, तीसुद्धा त्यात होती. अंगावर सर्रकन काटा आला. मग डोळे उघडून त्यांनी स्वतःच्या घोगऱ्या आवाजात विचारलं, "असांच मां? काय रवलां?" राहिलं होतंच. डाव्या डोळ्यापुढे अंधारी येते हे मी सांगायचं टाळलं होतं. ते मुकाट्याने सांगितलं.

गावाला याची सवय झाली होती, निदान तसं सगळे दाखवत. शेजारची शेवंताकाकी मला म्हणाली, "डॉक्टराच्या अंगात पेशंट येता गो. औषध घेवचां आणि गपचूप घराक येवचां." एका आईने आपल्या तान्ह्याचं रडणं त्या पिकल्या मिश्यांतून ऐकलं आणि ती पोराला उचलून थेट देवळात गेली. औषध मात्र संध्याकाळी माणूस पाठवून नेलं.

मी विज्ञान शिकवते, त्यामुळे नसत्या गोष्टी विचारायचा आपल्याला परवाना आहे असं मी समजते. एकदा विचारलंच, हे काय आहे म्हणून. त्यांनी आढेवेढे न घेता सांगितलं. नवीन दवाखाना टाकला तेव्हा बाजारात रुकमीण नावाची एक बाई मासे विकायला बसायची. आवाज असा की खाडीपलीकडे जावा. एक दिवस ती दारातूनच ओरडली, "डॉक्टरानू, छातयेर धोंडो ठेवल्यासारख्यां वाटता." डॉक्टर आतल्या गावचे, भातशेती करणाऱ्या घरातले. ही किनाऱ्यावरची माणसं बोलतातच अशी मोठ्याने, असं मनाशी म्हणत त्यांनी हसून तिला गॅसची गोळी दिली. थोड्या वेळाने ती बाजारात आपल्या टोपलीवर वाकलेली दिसली. लोकांना वाटलं, डुलकी लागली. उठवायला गेले तेव्हा ती गेलेली होती.

"तिना धोंडो सांगल्यान, मिया गॅस आयकलंय," डॉक्टर म्हणाले. एरवी ते माझ्याशी शाळेतल्या बाईंशी बोलावं तसं शुद्ध बोलायचे. हे वाक्य त्यांना शुद्ध बोलता आलं नाही. मग म्हणाले, "ओरडणाऱ्या बाईला खरं दुखत नसतं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. कॉलेजात नाही, घरी नाही. तरी मला ते पाठ होतं." तेव्हापासून ते प्रत्येकाचं दुखणं आधी त्याच्याच आवाजात बोलून बघत. "माझ्या आवाजात म्हटलं की त्यात मी शिरतो, बाई. पिणारा आला की लिव्हर, नोकरीवाली आली की टेन्शन. माणूस बाहेरच राहतो."

माझी खोली दवाखान्याला लागून होती, मध्ये एकच भिंत. दुपारी दवाखाना बंद असे, आणि त्याच वेळी पलीकडून एका बाईचा खणखणीत आवाज येई: छातयेर धोंडो ठेवल्यासारख्यां वाटता. पहिल्यांदा मला वाटलं, कुणी पेशंट आली. मदत लागेल म्हणून गेले, तर डॉक्टर एकटेच खुर्चीत डोळे मिटून बसलेले. मला बघून ओशाळले. "बाकीचे आवाज मी काढतो," ते म्हणाले, "हा आपणहून येतो."

भुताखेतांवर माझा विश्वास नाही. मनाची टोचणी वगैरे सगळी स्पष्टीकरणं मला देता येतात. तरी भिंतीलगतची खाट मी त्याच दिवशी हलवली. पुढे डॉक्टर थकले, त्यांचा स्वतःचा आवाज चिरका झाला. त्या बाईचा मात्र होता तसाच राहिला, आणि मला खरी भीती वाटायची ती याची.

गेल्या वर्षी एका सकाळी त्यांच्या पोटात कळा सुरू झाल्या. बायको कधीच वारलेली, मूलबाळ नाही. मीच त्यांना गाडीत घालून मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथला डॉक्टर तरुण होता, वागायला चांगला, पण दमलेला. आमचे डॉक्टर कण्हत म्हणाले, "डाव्या कुशीत कुणीतरी दोर पिळतंय." त्या मुलाने त्यांच्या पांढऱ्या केसांकडे, थरथरत्या हातांकडे बघितलं आणि त्यांच्या डोक्यावरून माझ्याशी बोलला, "वय झालं की असं होतं. एकटे राहतात ना? घरी न्या, आराम पडेल." डॉक्टरांचा हात माझ्या हातात होता, गार पडत चालला होता. यांना असंच घरी नेलं तर हे हातचे जाणार, हे मला कळत होतं. मी तो हात आणखी घट्ट धरला.

डॉक्टरांनी डोळे मिटले. "वय झालं की असं होतं," त्यांच्या सुकलेल्या ओठांतून एका तरण्याताठ्या पुरुषाचा आवाज आला, थोडा घाईतला, थोडा मायेचाही. "घरी न्या, आराम पडेल." नर्सने चमकून तरुण डॉक्टरकडे बघितलं. त्याचे ओठ मिटलेले होते.  तो स्टूल ओढून बसला, म्हणाला, "आजोबा, पुन्हा सांगा," आणि त्यांच्या पोटावर हात ठेवला. आतड्याला पीळ पडला होता. त्याच दुपारी ऑपरेशन झालं.

डॉक्टर त्यानंतर काही महिने जगले आणि आपल्या घरी, झोपेत गेले. त्यांची आठवण आली की मला अजून रडू येतं. पण त्यांचा निरोप म्हणून डोळ्यांपुढे उभी राहते ती ऑपरेशननंतरची वॉर्डातली सकाळ. टाके काढायला तो तरुण डॉक्टर आला होता. उसनं हसू आणून म्हणाला, "आजोबा, त्या दिवशी माझी नक्कल झकास केलीत."

"नक्कल करूक नाय, झिला," डॉक्टर म्हणाले. "तो माझो आवाज. तुझ्या वयाचो होतंय, तेव्हाचो."

मुलगा माझ्याकडे बघायला लागला.  मग त्याने हळूच विचारलं, "मग तो आवाज गेला कसा तुमचा?"

"गेलो खंय? आतच आसा. तो भायर येव नये म्हणान तर मी सारखो दुसऱ्यांच्या आवाजात बोलतंय."