काळ्यातला तांबडा

सोलापूरच्या भवानी पेठेत आमच्या गल्लीत केसांवर भांडी देणारी एक बाई येते. तिचं नाव मी कधी विचारलं नाही. बोलताना ती माणसाच्या तोंडाकडे बघत नाही, डोक्याकडे बघते. विंचरताना निघालेलं गुंतवळ दिलं की एक डोळा मिटून ते उन्हात धरते आणि मगच पिशवीत टाकते.

माझी नात तांबूस केसांची जन्मली. आमच्या घरात सगळ्यांचे काळेकुट्ट. मी सुनेवर संशय घेतला आणि महिनाभर पोरीला मांडीवर घेतलं नाही.

केसवालीला मी विचारलं, "असले केस आले कुठून?"

तिनं माझ्या मानेवरचा उरलासुरला एक काळा केस उपटला, एक सुनेचा उपटला आणि दोन्ही उन्हात धरले. दोन्हींच्या कडा तांबड्या चमकल्या.

"सोलापुरातली निम्मी डोकी या हातातनं गेलीत, आजी. काळ्यात तांबडा दडलेला असतोय. तुमच्याकडनं बी आन् सुनंकडनं बी आला, की पोरीत वर येतोय. घरचाच हाय की!"

सून म्हणाली, "आत्या, आता तरी घेताय का?"

सत्तर वर्षं डोक्यावर वागवलेला रंग मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितला. मी मांडी घातली आणि हात पुढे केले.