आठ वॅट आणि सुकटीची खोकी

आमच्या ह्यांनी दोन वर्षं खपून जुन्या रेडिओसारखा, काचेच्या व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर बांधला आणि महिन्याभरात विकायलाही काढला. कारण एकच, आवाज! मसोलीच्या आमच्या हॉलमध्ये नवे स्पीकर आणले होते, कमरेएवढे उंच, चकचकीत. पण बडा घर पोकळ वासा. बटण शेवटपर्यंत पिळलं तरी गाणारी बाई शेजारच्या बिल्डिंगमध्ये गातेय असं वाटायचं.

रविवारी तलासरीचं एक गिऱ्हाईक मशीन न्यायला येणार होतं. ह्यांनी ते पुसून ठेवलं आणि वर चादर टाकली. व्हॉल्व्ह पहिल्यांदा लाल झाले तेव्हा ह्याच माणसानं मला कणकेनं भरलेल्या हातांसकट स्वयंपाकघरातून बाहेर ओढत आणलं होतं. मला ते बघवेना.

शनिवारी मी वरोरला माहेरी गेले. शेजारी हळद होती आणि डीजेनं भिंती हादरत होत्या. आई कानांवर हात ठेवून म्हणाली, "तुज्या मामाचं मशीन एवढुसं होतं, पन बंदरापरेंत ऐकू जायचं."

मी ताडकन उठले. लग्नांना भाड्यानं जायचं ते मामाचं मशीनही व्हॉल्व्हचंच आणि आमच्यासारखंच अशक्त! मग गाव गाजवायचं कोण? त्याची खोकी! त्यांतले मोठे स्पीकर हलक्या कागदी पडद्याचे, फुंकर मारली तरी थरथरायचे. आमच्या नव्या स्पीकरांचे पडदे जड, ते हलवायला ताकद लागते. आमच्या मशीनच्या आठ वॅटांनी ती कुठून आणायची?

मामाची खोकी आईच्याच माळ्यावर पडून होती. आईनं मागची फळी उघडून त्यांत सुकट भरली होती, मांजराला तोंड घालता येऊ नये म्हणून.

"ने, पन माजी सुकट कुठं ठेवू?"

तिला पत्र्याचे डबे कबूल केले आणि टेम्पो बोलावला.

"हे काय आणलंस? वास बघ कसला सुटलाय!" रविवारी सकाळी हे दारातच ओरडले.

"वास नाकाला येतो, कानाला नाही. जोडा आधी."

कुरकुरत त्यांनी मीटर लावून स्पीकरांचा विद्युतरोध मोजला. स्पीकर सोळा ओहमचे निघाले. ह्यांच्या मशीनच्या ट्रान्सफॉर्मरला तसल्या स्पीकरांसाठी सोळाचं वेगळं टोक होतंच, कधी न वापरलेलं. वायर तिकडे जोडली, बटण जरासं फिरवलं.

ढोलकीच्या पहिल्याच थापेला खोक्यांतून उरलीसुरली सुकट उडाली! ह्यांच्या केसांत, माझ्या पदरावर, सगळीकडे. आणि मग ती बाई गायला लागली, आमच्या हॉलमध्ये, अगदी समोर उभी राहून. श्वास घेतलेलासुद्धा ऐकू येत होता. "अगं! अगं!" एवढंच ह्यांच्या तोंडून निघत होतं. मी तर चक्क टाळ्या पिटत होते.

गाणं संपलं तेव्हा कळलं, दारात तलासरीचा माणूस उभा आहे. चप्पल एकाच पायातली काढलेली.

"शेठ, खोक्यांसकट द्या ने! काय आवाज छे!"

ह्यांनी केसांतली सुकट झटकली. "चहा घ्या. बसा, हवं तितकं ऐका. पण मशीन आता ह्या घरातून हलणार नाही."

मी चहा टाकायला आत पळाले. हसता हसता माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि बाहेर ह्यांनी पुढचं गाणं लावलं.