बाराव्या महिन्याचं पाणी

विहिरीत टेप सोडण्याआधी ती एक खडा टाकायची आणि डोळे मिटायची. मी काही बोलायला गेलो की हात वर करून म्हणायची, "थांबा सर, पोचू द्या." मग मीही नकळत डोळे मिटत असे.

मी जाफराबादकडच्या एका खेड्यात शिक्षक. ती वडीगोद्रीची. पर्यावरण व्यवस्थापनात एम.एस्सी. करत होती आणि प्रकल्पासाठी तिने आमच्या गावातल्या पाच विहिरी धरल्या होत्या. दर महिन्याला त्यांची पाणीपातळी मोजायला एसटीने आणि पुढे जीपमध्ये अंग चोरून यायची. सुरुवातीला लोकांना ती जमीन मोजणीवाली वाटली. बऱ्याच जणांनी गुपचूप आपापल्या बांधाचे दगड पाहून घेतले. पुढे तिचा चहा कुणाकडे, यावरून रुसवेफुगवे होऊ लागले.

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील, कामात चोख आणि बोलण्यात भलतीकडेच. दुपारी लिंबाखाली बसली की म्हणायची, "आपण बसलोय ना सर, त्याच्या खालून पाणी चालून राह्यलंय. बिलकुल जल्दी न्हाई त्याला." त्याला माझाही रामराम सांग, असं मी चिडवायचो. सांगते, असं ती गंभीरपणे म्हणायची. त्या उन्हात मला खरोखरच वाटायचं, आपली खाट कुणीतरी संथ पाण्यावर सोडून दिली आहे.

जालना शहरातल्या एका बियाणे कंपनीने तिला नोकरी कबूल केली होती. अट एवढीच, की जुलैपर्यंत पदवी हवी. पदवीसाठी पाचही विहिरींच्या सलग बारा महिन्यांच्या नोंदी हव्या होत्या. अकरा झाल्या होत्या.

बाराव्या खेपेला, ऐन मे महिन्यात, एका म्हातारीच्या विहिरीत टेप लवकरच ओला झाला. पाणी एप्रिलपेक्षा चांगलं हातभर वर आलेलं. तिने पुन्हा मोजलं, तरी तेच. म्हातारी तोंडाला पदर लावून हसत उभी होती.

"भरलं का बराबर?" तिने विचारलं. "आता न्हाई ना नापास व्हणार, लेकी?"

मग एकेक उलगडत गेलं. गावाचा टँकर एरवी वेशीजवळच्या विहिरीत रिकामा होई. या खेपेला बायकांनी तो म्हातारीच्या विहिरीत ओतायला लावला होता. दोन दिवस कुणी तिच्यात बादली सोडली नव्हती, सगळ्याजणी लांबच्या मळ्यातून हंडे वाहत होत्या. पाणी खाली गेलं तर पोरगी नापास होते, असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं.

ते कुणीतरी म्हणजे मी. आठवड्यापूर्वी म्हातारीने शाळेच्या दारात, ही मोजणी कशाला, असं विचारलं होतं आणि मी सवयीने थट्टा करून वर्गात निघून गेलो होतो.

ती रागावली नाही. म्हातारीच्या पाया पडली, आता पाणी भरून घ्या म्हणाली. मी तिला बाजूला घेऊन सुचवलं, हातभर वजा कर आणि अंदाजाने लिही. खरं तर मला माझी चूक बुजवायची होती.

"तो माझा अंदाज होईल सर," ती म्हणाली, "विहिरीचं पाणी न्हाई."

तिने वहीतली ती जागा कोरी सोडली. नोकरी गेली. पुढचं सबंध वर्ष ती पुन्हा पाचही विहिरींवर येत राहिली. दर महिन्याला मी तिला खरं सांगायचं ठरवत होतो आणि दर महिन्याला शेपूट घालत होतो. त्याची लाज मला अजून वाटते.

आता ती दूरच्या एका डोंगराळ जिल्ह्यात पाण्याचंच काम करते. गेल्या महिन्यात तिने शाळेला प्रबंधाची प्रत पाठवली. पहिल्या वर्षाच्या तक्त्यात त्या कोऱ्या जागेखाली बारीक इंग्रजीत एक टीप आहे: मोजणी कशासाठी आहे, हे संशोधक विद्यार्थिनीने गावाला नीट समजावून सांगितलं नव्हतं.

म्हातारीला मी ती टीप मराठीत सांगितली.

"असं कसं लिव्हलं तिनं? गुरुजी बोल्ले म्हून केलं, हे म्या तिला तवाच सांगितल्तं की."

म्हणजे ते सगळं वर्ष, सारं ठाऊक असून, ती माझ्यासमोर बसून चहा पीत होती.