सत्कारातून उरलेले गाणे

बेंगळुरातल्या चामराजपेटेतील आमच्या उन्हाळी संगीतोत्सवाच्या कार्यकारिणीला दर वर्षी तक्रारीचे पत्र लिहिणारी बाई ती मीच. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणी विचारायला नको. शाळेत संस्कृत आणि मराठी शिकवून मी निवृत्त झाले, परंतु कामात राहिलेली त्रुटी दाखवून देण्याच्या सवयीला निवृत्तीचे वय नसते. माझी मागणी एवढीच, की एका तरी उन्हाळ्यात एखादा राग आरंभापासून अखेरपर्यंत, मध्ये खंड न पडता ऐकायला मिळावा. तो मिळत नाही. न मिळण्याचे किस्से मात्र साठत जातात. मंडपातल्या प्लॅस्टिकच्या खुर्च्यांसारखे ते एकात एक अडकून बसलेले असतात. वरचा उचलावा, तर खालचा त्याला चिकटून वर येतो.

आम्ही ऐकणारे चौघे. एक मी. दुसऱ्या अनसूयाअक्का, यांचे घराणे बेंगळुरात इतके जुने, की त्यांच्या मराठीत कन्नड कोठे सुरू होते ते त्यांनाही सांगता येत नाही. तिसरे पाटील, बेळगावचे, टेलिफोन खात्यातून निवृत्त. चौथी केतकी, मूळची पुण्याची. व्हाइटफील्डला नोकरी करते आणि शनिवारी मेट्रोने आमच्याकडे येते. उत्सवाचे सेक्रेटरी नरसिंगराव अण्णा हे अक्कांचे धाकटे दीर. त्यामुळे तक्रार लेखी माझी असते, आणि तोंडी अक्कांची.

*

युगादी, म्हणजे आपला पाडवा, झाली की उत्सवाची जाहिरात येते. यंदा ती केतकीच्या फोनवर आली आणि तिने अक्कांच्या हॉलमध्ये मोठ्याने वाचली. पहिल्या दिवशी फ्यूजन. दुसऱ्या दिवशी टीव्हीवरच्या स्पर्धेतील उपविजेती. तिसऱ्या दिवशी चित्रपटगीतांची सुरेल संध्याकाळ. चौथ्या दिवशी बासरी आणि कीबोर्ड यांचा संवाद. पाचव्या दिवसाच्या नावापुढे नुसते 'सरप्राइज' असे लिहिले होते.

अण्णा समोर कॉफी पीत बसले होते. पाटलांनी त्यांना विचारले, "अण्णा, गाणं कुठल्या दिवशी हाय म्हणायचं?"

"पाचही दिवस संगीतच आहे," अण्णा म्हणाले.

"ते दिसलं की. मी गाणं विचारलो."

अण्णांनी कॉफी संपवली आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "बाई, या वर्षीचं पत्र थोडं लहान लिहा. मागच्या वर्षीचं मीटिंगमध्ये वाचता वाचता चहा गार झाला."

*

फ्यूजनवाल्यांचा एक जुना प्रसंग सांगते. कानाला माइक लावलेला मुख्य कलाकार व्यासपीठाच्या कडेला आला आणि आम्हां सर्वांना टाळ्या वाजवण्याची आज्ञा करून गेला. पहिल्या रांगेत अक्का आणि त्यांच्या भजनमंडळातील बायका बसल्या होत्या. टाळी म्हटल्यावर त्यांना एकच प्रकार ठाऊक! त्यांनी शांतपणे मांडीवर आदिताल धरला: एक टाळी, मग करंगळीपासून बोटे, मग पुन्हा टाळी आणि हात पालथा.

ड्रम वाजवणाऱ्या मुलाची नजर त्या रांगेवर पडली आणि त्याचा हात चुकू लागला. त्याने वेग वाढवून पाहिला. रांग हलली नाही. अक्कांनी त्याला खालूनच, नातवाला सांगावे तसे सांगितले, "स्वल्प निधान, अप्पा. घाई कशाला?"

पोराने खरोखरच लय कमी केली. उरलेला वेळ तो अक्कांच्या करंगळीकडे पाहूनच वाजवत होता. शेवटी सगळे कलाकार रसिकांना वाकून नमस्कार करत असताना मुख्य कलाकाराला काही उमगेना, कारण त्याचा ड्रमवाला एकट्या अक्कांकडे तोंड करून वाकला होता.

*

आता जो प्रसंग मनाला लागला, तो. काही वर्षांपूर्वी आमच्याच पत्रांना कंटाळून अण्णांनी धारवाडच्या सुमित्राबाईंना बोलावले होते. बाईंचे वय झालेले, प्रवास त्या फारसा करत नाहीत. त्यांनी पूरिया सुरू केला. मंडपात गुळाच्या पानकाचे पेले वाजायचे थांबले. कोसंबरीच्या, म्हणजे डाळीच्या कोशिंबिरीच्या, द्रोणांसाठी बाहेर रांग लावलेली माणसेसुद्धा आत डोकावली. विलंबित ख्याल नुकता कोठे बसला होता, आणि अण्णांनी बाईंच्या पुढ्यात चिठ्ठी सरकवली.

मुख्य देणगीदार आले होते. इमारती बांधतात. इलेक्ट्रॉनिक सिटीहून निघालेले गृहस्थ ट्रॅफिकमध्ये अडकून उशिरा पोहोचले होते आणि त्यांना लगेच दुसरीकडे जायचे होते. गाणे थांबले. शाल झाली, चंदनाचा हार झाला, फळांची करंडी झाली. मग त्यांच्या बंधूंना शाल झाली. मग भाषण झाले. त्यात त्यांनी आपल्याला संगीतातले काही कळत नाही हे इतक्या विस्ताराने सांगितले, की आमची खात्री पटली.

पुन्हा तंबोरे जुळेपर्यंत वेळ संपत आली होती. सुमित्राबाई माइकवर म्हणाल्या, "सुरुवात तुम्ही ऐकलीत. मधलं यांनी घेतलं. आता शेवट तेवढा माझ्याकडे आहे." आणि त्यांनी सरळ भैरवी म्हटली.

निघताना त्या अण्णांना एवढेच म्हणाल्या, "गाण्याच्या मध्ये माणूस बसवायची पद्धत आहे तुमच्याकडे. ती असेपर्यंत मला बोलावू नका."

त्या रात्री अक्का जेवल्या नाहीत. अण्णाही जेवले नाहीत; पण त्यांना कोणी वाढलेच नव्हते.

*

केतकीचे म्हणणे होते की आम्ही जुन्या वळणाची माणसे, म्हणून रडतो. तरुणांचे फेस्टिव्हल किती शिस्तीत होतात ते येऊन पाहा. मी गेले. व्हाइटफील्डच्या पलीकडे मोकळे मैदान होते. मनगटाला कागदी पट्टी बांधून आत सोडत होते. पट्टी बांधणाऱ्या मुलीने मला आदराने विचारले, "आंटी, तुम्ही कुठल्या आर्टिस्टच्या मदर?"

केतकी ज्या बँडसाठी तिकीट काढून बसली होती, तो बँड आयत्या वेळी येणार नसल्याचे पडद्यावर झळकले. त्याच्या जागी एक डीजे आला. केतकी गवतावर मांडी घालून बसली. तिच्या चेहऱ्यावर नेमके तेच होते, जे युगादीच्या सुमारास माझ्या चेहऱ्यावर असते.

"बाई, सिरीयसली, मी ह्यांच्यासाठी सुट्टी टाकली होती," ती म्हणाली. "आणि हा काय वाजवतोय? ह्याला काही सुरुवात नाही, शेवट नाही."

मी ऐकत होते. तो गृहस्थ तासभर एकसलग वाजवत राहिला. मला तिचे सांत्वन करायचे होते, म्हणून जे खरे ते सांगितले: "निदान मध्ये सत्कार तरी झाला नाही."

*

यंदाचे माझे पत्र वाचून अण्णांनी संताप करून घेतला. "पाचवा दिवस रिकामाच आहे. घ्या तुम्ही," ते म्हणाले. "कोणाला बोलवायचं ते तुम्हीच ठरवा. मग पुढच्या वर्षी पत्र नको."

त्या 'सरप्राइज'चा अर्थ आम्हांला तेव्हा कळला.

अक्कांच्या हॉलमध्ये बैठक भरली. मी म्हणाले, एक कलाकार आणि एक राग. पाटलांना धृपद हवे होते. अक्कांना भजनमंडळाच्या बायकांना नाराज करायचे नव्हते. त्यांच्यासाठी कन्नड हरिदासांची पदे हवीत. केतकीला वाटे की कोणी तरी तरुण असावा, नाही तर तिच्या ऑफिसातले कोणी येणार नाही. पाटलांच्या भाच्याचे सतार शिकणे चालू होते. त्याला सुरुवातीला थोडा वेळ द्यायला कोणाचीच हरकत नव्हती.

मी सगळे फळ्यावर लिहावे तसे कागदावर नीट उतरवले आणि अक्कांपुढे धरले. अक्कांनी चष्मा लावून वाचले आणि कागद परत दिला.

"अय्यो, हे तर आमच्या नरसिंगाचंच पत्रक दिसतंय की गं."

पाटलांनी भाच्याचे नाव स्वतःच्या हाताने खोडले. त्यानंतर बाकीची नावे खोडायला फार वेळ लागला नाही.

*

एकच कलाकार ठरल्यावर सुमित्राबाईंना फोन मी केला. त्यांनी मानधन विचारले नाही, साथीला कोण आहे तेही विचारले नाही. "मध्ये कोण येणार?" असे विचारले. मी सांगितले, कोणी नाही. त्या म्हणाल्या, "हे मागच्या वेळीही लेखी होतं. या वेळी मध्ये कोणी आलं, तर मी गाणं तिथंच ठेवून उठेन आणि बेंगळूरला पुन्हा पाऊल टाकणार नाही."

अण्णा हादरले. देणगीदारांना शाल घातल्याशिवाय मंडपाचे भाडे निघत नाही, ही त्यांची अडचण खोटी नव्हती. तोडगा केतकीने काढला. "मग सगळे सत्कार आदल्या दिवशी करून टाका ना. बॅकलॉगच क्लिअर करायचा."

"नुसत्या सत्काराला कोण येईल?" अण्णांनी विचारले.

चौथ्या दिवशी बासरी-कीबोर्डचा संवाद आटोपता घेतला आणि सत्कार सुरू झाले. मंडपात पाय ठेवायला जागा उरली नाही! ज्याचा सत्कार, त्याचे सगळे घर, सासुरवाडी आणि फोटोग्राफर. सत्काराला बांधायच्या म्हैसुरी पगड्या, म्हणजे पेटे, कमी पडले, तेव्हा मागच्या रांगेत जाऊन बसलेल्यांच्या डोक्यांवरून उतरवून पुढच्यांना घातले. पानक संपले. उत्सवाच्या इतिहासात एवढी गर्दी अण्णांनी पाहिली नव्हती.

दुसऱ्या दिवशी निम्म्या खुर्च्या रिकाम्या होत्या. सुमित्राबाईंनी यमन सुरू केला. थोड्या वेळाने फाटकापाशी मोठी गाडी थांबली आणि इमारतींचे ते गृहस्थ उतरले. आदला दिवस त्यांचा पुन्हा ट्रॅफिकमध्ये गेला होता. पाटील दारातच उभे होते.

"सत्कार काल झाला की हो. आज नुसतं गाणं हाय."

गृहस्थ घोटाळले. "मग काय करू?"

"बसा की."

ते शेवटच्या रांगेत बसले. यमन कोणालाही न विचारता पुढे गेला, द्रुतापर्यंत गेला आणि संपला. संपल्यावर टाळ्या वाजवायच्या असतात हे आम्हां चौघांना जरा उशिराच सुचले. अक्का पदराने चष्मा पुसत होत्या. पाटील डोळे टिपत म्हणाले, "घाम हो, उन्हाळा हाय," जरी त्यांना कोणी काही विचारले नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी अक्कांकडे उप्पिट खाताना पुढच्या वर्षाचे ठरले. चौथा दिवस संपूर्ण सत्काराचा, पाचवा संपूर्ण गाण्याचा, आणि दोहोंची सरमिसळ नाही. अण्णांनी आनंदाने संमती दिली. देणगीदारांनी फोनवर दिली. मी पत्र न लिहिण्याचे कबूल केले. राहता राहिल्या अक्कांकडेच मुक्कामाला असलेल्या सुमित्राबाई.

"सरी, चालेल," त्या म्हणाल्या. "पाचव्या दिवशी गाते. पण मी चौथ्या दिवशीही येणार."

"तुम्ही त्या गर्दीत कशाला?" अण्णांनी विचारले.

बाईंनी उप्पिटाची बशी खाली ठेवली. "इतकी वर्षं गाते. दर वेळी साडी आणि नारळ. पेटा अजून कोणी बांधला नाही."

अक्कांनी ठराव मांडला, पाटलांनी अनुमोदन दिले, आणि अण्णांनी बाईंच्या डोक्याचे माप घेण्यासाठी तिथेच दोरा मागवला.