चादरीच्या दोन टोकांना

इस्पितळाच्या धुलाईघरात सकाळचं ऊन उंच खिडक्यांतून तिरकं उतरे, आणि ड्रायरमधून निघालेल्या चादरींची ऊब त्यात मिसळली की सगळी खोली अर्धवट झोपेत असल्यासारखी वाटे. त्या उजेडात दोन जावा समोरासमोर उभ्या राहून घड्या घालत. सगळे त्यांना थोरली आणि धाकटी म्हणत. धाकटीने पन्नाशी कधीच ओलांडली होती, गुडघे कुरकुरत होते, पण धाकटी ती धाकटीच.

चादर झटकली की मधोमध फुगे, आणि क्षणभर थोरलीचा चेहरा त्या पांढऱ्या फुगवट्याआड दिसेनासा होई. धाकटीला तो क्षण फार आवडे. समोर कुणी नाही, नुसता उजेड. तरी थोरली आता कुठला हात उचलणार हे धाकटीच्या हाताला ठाऊक. चादर खाली येई तेव्हा दोघी एकमेकींकडे चालू लागलेल्या असत. टोकाला टोक भिडे. थोरली आपली टोकं तिच्या हातात देई आणि वाकून मधली दुमड उचले. मधूनच थोरली मनात चाललेल्या गोष्टीचं नुसतं शेपूट मोठ्याने बोले, "आणि वर म्हणते कशी, माझीच छत्री परत द्या!" आधीचं सगळं न सांगताच धाकटीला कळलेलं असे आणि ती हसत सुटे.

मग भाऊजी गेले. थोरलीचा नवरा, धाकटीचा मोठा दीर. दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत.

थोरली कामावर परतली. विचारलं तेवढ्याचं उत्तर द्यायची, दिलेलं काम करायची. पण चादरीचं दुसरं टोक कुणी धरलंय असं वाटेना. खुंटीला अडकवल्यासारखं वाटे. टोकं हुकू लागली. घड्या तिरक्या पडू लागल्या.

धाकटीने कंबर कसली. थोरलीच्या आधीच पुढे व्हायचं, तिच्या हातातली टोकं अलगद काढून घ्यायची, वाकायचं तेही आपणच. भाऊजींचा विषय तर चुकूनही काढायचा नाही. घरातल्या त्यांच्या चपला तिने गुपचूप माळ्यावर टाकल्या. त्यांची आठवण आली की ती नळ मोठा सोडून भांडी घासायला बसे. जखमेवरची खपली कशाला काढा, असं तिचं म्हणणं. एवढं करूनही घड्या आणखीच बिघडत गेल्या.

"सोमवारपासून थोरलीला शिवणखोलीत बसवते," सुपरवायझर बाई म्हणाल्या. "बसून काम आहे, तिलाही बरं. तुला दुसरी जोडीदारीण देते."

"थोडे दिवस थांबा ना, बाई."

"थांबलेच की गं. वॉर्डातून बोलणी मला खावी लागतात."

शिवणखोलीत भिंतीकडे तोंड करून एकेकटं बसायचं असतं. तिथे गेली तर थोरली त्या भिंतीतच विरघळून जाईल, असं धाकटीला वाटलं. आणि आपण? तो विचार तिने पुरा केला नाही.

रविवारी थोरलीच्या लेकीने दोघींना आपल्या विद्यापीठात नेलं. ती मेंदूवर संशोधन करत होती. "दोन माणसं मिळून काही करतात ना काकू, तेव्हा दोघांच्या मेंदूतल्या लहरी कधीकधी बरोबरीने चढतात, बरोबरीने उतरतात. ते बघायचंय. जोड्याच मिळत नाहीत. तुम्ही घरच्याच."

खोलीत जाड गालिचा होता, त्यामुळे पावलं वाजत नव्हती. लेकीने दोघींच्या डोक्यांवर तारांच्या टोप्या चढवल्या, केसांत थंडगार चिकट काहीतरी भरलं.

"डोक्यात काय चाललंय ते सगळं दिसतं का गं?" धाकटीने विचारलं.

"छे, नुसत्या रेघा."

"सुटले बाई!"

थोरली हसली नाही. लेकीने चादर दिली. झटकली, फुगली, खाली आली. धाकटीने पुढे होऊन टोकं काढून घेतली. पुन्हा. पुन्हा. पडद्यावर दोन रंगांच्या रेघा आपापल्या वाटेने चालल्या होत्या.

"एका जोडीवरून काही सांगता येत नाही," लेक आधीच म्हणाली. "पण काकू, इथे बघायला रेघाही लागत नाहीत. तू सारखी आईच्या पुढे असतेस. तिचा हात उठायच्या आत तुझा पोचलेला."

"तिला वाटतं मी काचेची आहे," थोरली म्हणाली.

स्वतःहून बोललेलं तिचं ते कितीतरी दिवसांतलं पहिलं वाक्य. धाकटीला ते सरळ छातीत लागलं. एवढं जपलं, त्याचं हे फळ! ती काहीतरी खरमरीत बोलणार होती. तोंडून निघालं ते भलतंच.

"मला भाऊजींची फार आठवण येते, ताई."

चादर दोघींच्या मधे लोंबत राहिली.

"मग इतके दिवस बोलली का नाहीस?"

"तुम्हाला त्रास होईल म्हणून."

"आणि मला वाटलं, त्यांची आठवण काढायला या घरात मी एकटीच उरले." थोरली म्हणाली. "चपलासुद्धा उचलल्यास, धाकटे. मला वाटलं, तुम्हाला सगळ्यांना अडचण होतेय त्यांची."

"देवा रे! अडचण कसली? मी काल माळ्यावर चढून त्या पुसून ठेवल्या."

"गुडघे दुखतात ना तुझे?"

"दुखतात तर!"

थोरलीने हातातली टोकं जुळवली. मग म्हणाली, "त्यांना एकदा चादरीची घडी घालायला सांगितली होती..."

"घडी? बोळा! आणि वर ऐट अशी की..."

"...इस्त्री करून आणलीय!" थोरलीने वाक्य पुरं केलं आणि हसता हसता रडू लागली. धाकटीचंही तेच झालं.

"हलू नका गं, तारा सुटतील," लेक म्हणाली खरी, पण तीही पडद्याकडे पाठ करून उभी होती. वडील तिचेही होते. तिने पुढे होऊन चादरीची मधली दुमड उचलली. पडद्यावर रेघा काय करत होत्या, कुणीच पाहिलं नाही.

सोमवारी ड्रायरमधून ऊन ऊन चादरी निघाल्या. धाकटीचे हात सवयीने पुढे धावत, आणि ती त्यांना थोपवून धरी. थांबणं जड होतं. थोरलीचा हात सावकाश उठे, मग तिचा. कुठलीच घडी पूर्वीसारखी सरसर पडत नव्हती. पण चादर फुगून थोरलीचा चेहरा दिसेनासा झाला तेव्हा पलीकडून आवाज आला, "...आणि तरी टोपी काढायला तयार नाहीत!" धाकटीला आधीचं काही कळलं नाही.

"कोण?"

"सांगते. आधी टोक धर."

तेवढ्यात सुपरवायझर बाई दारात आल्या. "चल थोरले, शिवणखोलीत."

थोरलीने चादर सोडली नाही. "तिकडे दुसऱ्या कुणाला तरी पाठवा, बाई. हिला एकटीला हे झेपायचं नाही."

बाईंनी ढिगावरची घडी उचलून पाहिली. "ही तिरकी आहे."

"आहे," दोघी एकदम म्हणाल्या.

बाईंनी ती घडी धाकटीच्या हातात दिली आणि गेल्या, हो किंवा नाही काहीच न म्हणता. धाकटीने चादर पुरती उलगडली, दोन टोकं थोरलीकडे दिली, आणि ती झटका कधी देते याची वाट पाहत उभी राहिली.