तापाचं कारण

मेसेज नवऱ्याने टाकला होता, पण शब्द माझा होता. दवाखान्यात नेत असतानाच मी त्याला म्हटलं, "मला ताप आलाय म्हणून सुपरवायझरसाहेबांना कळव."

अंबडच्या एका कारखान्यात मी पॅकिंगला होते, कायम कामगार. बरेच महिने अंगावरून जास्त जात होतं, पण दुखणं तसंच रेटत होते. त्या दुपारी लाइनवर उभी असतानाच रक्त सुरू झालं आणि थांबेना. बरं वाटत नाही एवढंच सुपरवायझरला सांगून, ॲप्रन मागून गुंडाळून मी बाहेर पडले. रिक्षाच्या सीटला डाग लागला. घरापाशी उतरल्यावर मी तो ओढणीने पुसत राहिले. रिक्षावाला म्हणाला, "राहू द्या, तुम्ही जा." पैसेही न घेता तो गेला. उपकार वाटायच्या ऐवजी मेल्याहून मेल्यासारखं झालं.

गर्भाशय काढावं लागलं. पुढे टाक्यांत पू झाला, मुक्काम लांबला. नवरा कंपनीला कळवत राहिला, ताप उतरत नाही. मी अंथरुणावरच होते तेव्हा फार दिवस गैरहजर म्हणून कामावरून कमी केल्याचं पत्र घरी आलं.

नवरा दवाखान्याचे कागद घेऊन ऑफिसात गेला. तिथल्या साहेबांनी ते चाळून विचारलं, "यात ताप कुठंय?" तो कागद गोळा करून परत आला.

"सांगायचं ना मग," मी म्हटलं.

"तिथं चार माणसं बसली होती. काय सांगू?"

मीही सांगितलं नसतंच.

वकील वयस्कर होते. आजारपणात, चौकशी न करता असं काढता येत नाही, भरपाई मागता येईल, असं ते म्हणाले. मग चष्मा पुसत म्हणाले, "फक्त त्या तापाचं तुम्हालाच कोर्टात सांगावं लागेल, ताई. माझ्या सांगण्याला अर्थ नाही."

साक्षीच्या दिवशी मागच्या बाकांवर पुढच्या प्रकरणांचे लोक बसले होते, त्यांच्यातच माझा नवरा. कंपनीच्या वकिलांनी विचारलं, "तुम्हाला ताप होता?"

"नाही."

"म्हणजे खोटं कळवलं?"

"हो."

"का?"

माझे कान तापले. मी खाली बघून म्हणाले, "अंगावरून रक्त जात होतं. पुरुष माणसाला ते कसं कळवायचं, मला समजलं नाही."

टायपिस्टला नीट ऐकू गेलं नाही. न्यायाधीश शांतपणे म्हणाले, "पुन्हा सांगा, जरा मोठ्याने." मी पुन्हा सांगितलं. मागे कुणीतरी खाकरलं. नंतर पायऱ्या उतरताना नवऱ्याने माझ्या हातातली पिशवी घेतली, पण घरी पोचेपर्यंत आम्ही एकमेकांकडे पाहिलं नाही.

निकाल माझ्या बाजूने लागला. काढणं बेकायदा ठरलं. आमचं पॅकिंगचं खातं तोवर बंद झालं होतं, म्हणून नोकरी नाही, भरपाई मिळाली. जावेने विचारलं, केस कसली होती गं? मी म्हटलं, कंपनीकडे पगाराचं राहिलं होतं. जिंकलेल्या गोष्टीचंही खरं नाव मला घेता आलं नाही.

मागे एकदा द्वारका चौकात बसची वाट बघत असताना तो सुपरवायझर भेटला. माणूस वाईट नव्हता. कोर्टात कंपनीकडून साक्ष द्यायला आला, तेव्हा आलेले मेसेज जसेच्या तसे सांगितले, वर काही जोडलं नाही. मला बघून तो थांबला.

"ताई, तेव्हा मला नुसतं सांगितलं असतं ना, तर मी वर बोललो असतो."

"काय सांगायला हवं होतं?"

तो म्हणाला, "हेच, की तुम्हाला... म्हणजे तब्येतीचं..." आणि रस्त्याकडे बघू लागला. त्याचीही मान लाल झाली होती. मग म्हणाला, "बस आली वाटतं तुमची."

ती माझी बस नव्हती. तरी मी चढले.